लाटण्यावरची नदी

ताजनपुरे काका कुणाच्याही घरातून बाहेर पडताना दोन्ही हात वर करायचे. नमस्काराला नव्हे. आधी हात वर, मग शर्टाचा खिसा उलटा, मग पँटचे दोन्ही खिसे उलटे, आणि मग चपला. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा उंबऱ्यातला हा प्रकार बघून माझ्या सासूबाई घाबरल्याच. "काही हरवलं का गं त्यांचं?" असं त्यांनी मला हळूच विचारलं. काकू जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून उभ्या होत्या. त्यांनीच खुलासा केला, "काही नाही हो, झडती देतायत. चौतीस वर्षांची खोड आहे. लग्नाच्या हॉलमधून निघतानाही देतात. मी आताशा चार पावलं पुढं चालते, ओळख नसल्यासारखी."

काका आमच्या नाशिक रोडला नोटा-तिकिटांच्या सरकारी छापखान्यात कोरीव काम करायचे. धातूच्या पत्र्यावर, डोळ्याला भिंग लावून, केसाएवढ्या रेघा कोरायच्या. संध्याकाळी सुटताना फाटकावर झडती द्यायची. आतला कागदाचा कपटाही बाहेर आणायचा नाही आणि आत काय काढलं ते घरी बोलायचं नाही. काकूंना एवढंच माहीत, की नवरा भरलेला डबा घेऊन जातो आणि रिकामा डबा उघडून दाखवून बाहेर येतो. काकांना त्या झडतीचा राग नव्हता. उलट कौतुक होतं. "मॅडम, नियम म्हणजे नियम. साहेबसुद्धा हात वर करायचे." मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून अख्ख्या सोसायटीची मी मॅडम. एकदा चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "आयुष्यभर काढलं, पण माझ्या हातचं म्हणून घरात एक चिटोरं नाही बघा." पावसाचा अंदाज सांगावा इतक्या सहज म्हणाले.

दुसरी खोड याहून गमतीची. पत्र्यावर जे कोरायचं ते उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. डावीकडचं झाड उजवीकडं, उजवीकडची कमान डावीकडं. इतकी वर्षं हाताला तेच वळण. कागदावर काढताना ते स्वतःला बजावत, "ताजनपुरे, सुलटं!" लक्ष असेपर्यंत सगळं ठीक चालायचं. लक्ष जरा चळलं की हात आपला जुन्या नोकरीवर हजर.

याचा पुरावा सोसायटीच्या फळ्यावर मिळाला. निवृत्त झाल्यावर काकांनी खाली पार्किंगमध्ये होडी बांधायला घेतली. धरणाच्या पाण्यावर कुणाची तरी कनू त्यांनी पाहिली होती. दोन्ही टोकांना निमुळती, इतकी हलकी की दोन माणसांनी उचलून डोक्यावर घ्यावी. तशीच त्यांना हवी होती. प्लायवूडच्या पट्ट्या, फायबरचं कापड, डिंकाचे डबे, सगळा पसारा तीन गाड्यांच्या जागेत. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "निवृत्त झाल्यावर लोक बागेत फिरायला जातात. ह्यांनी पार्किंगात आरमार काढलंय." शेवटी सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, की पार्किंगमध्ये वाहनांखेरीज काही ठेवू नये. काका तिरीमिरीत उठले आणि खाली खडूने उत्तर लिहून वर निघून गेले. उत्तर कुणाला वाचता येईना. सगळी अक्षरं आरशातली! शेवटी एकाने स्कूटरचा आरसा फळ्याकडं फिरवला, तेव्हा कळलं: "होडी हे वाहनच आहे." सेक्रेटरी इतके हसले, की कनू पार्किंगमध्ये राहिली.

मग काकांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहा बशीत सांडायला लागला. मग सही बँकेत जुळेना. द्वारका चौकाजवळच्या एका डॉक्टरांकडं मीच त्यांना गाडीवर घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या. काकांनी एकच प्रश्न विचारला, "बारीक काम किती दिवस होईल?" डॉक्टर म्हणाले, "ते नक्की सांगता येत नाही. पण काही करायचं मनात असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नका."

येताना द्वारकेच्या सिग्नलला, त्या सगळ्या भोंग्यांच्या गदारोळात, काका माझ्या कानाशी येऊन ओरडले, "मॅडम, दारणा काढायची!"

"काय काढायची?"

"नदी! चेहडीपासून नांदूरमधमेश्वरपर्यंत. डावा काठ. एका कागदावर, एकसलग. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मोकळ्या असता ना?"

चेहडीला दारणेच्या काठी त्यांचा मळा होता. भाऊ आणि वहिनी अजून तिथं कोथिंबीर, मेथी, झेंडू करतात. काकांचं सगळं लहानपण त्या पाण्यात गेलेलं. दारणा पुढं गोदावरीला मिळते आणि दोघींचं पाणी नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यात पसरतं, जिथं थंडीत पक्षी उतरतात. तेवढी नदी त्यांना हात चालतोय तोवर स्वतःसाठी काढून घरात ठेवायची होती. बाकी काही नको होतं. आणि वल्हवायला मी. मी इगतपुरीकडची, मामाची भातशेती धरणाच्या पलीकडं होती आणि तिकडं जायला होडीच. वल्हं कसं धरायचं हे मला कुणी शिकवायला नको. काकांनी अट मात्र घातली, "तुम्ही वल्हवायचं. बोलायचं नाही." तीन दिवस न बोलता राहायचं म्हणजे माझी कसोटीच की!

तयारी बघण्यासारखी होती. लांब कागद होडीत पसरणार कुठं? काकांनी द्राक्षांची एक जुनी लाकडी पेटी घेतली, दोन्ही बाजूंना भोकं पाडली आणि त्यात काकूंची दोन लाटणी बसवली. एका लाटण्यावर कोऱ्या कागदाची गुंडाळी. काढून झालं की कागद दुसऱ्या लाटण्यावर गुंडाळत जायचा. मध्ये वीतभर उघडा राहील, तेवढ्यावर काढायचं. शाई नको, कारण हात हलला की सांडणार. म्हणून मऊ, काळीभोर शिसपेन्सिल. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ऐन दिवाळीत दोन्ही लाटणी नेताय. मी करंज्या काय कपाळावर लाटू?" पण चिवड्याचा डबा त्यांनीच होडीत ठेवला, आणि दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट नीट बसलंय का तेही ओढून ओढून पाहिलं. "ह्यांना पोहता येतं," मला म्हणाल्या, "पण चित्र काढताना आठवेल की नाही देव जाणे."

पुतण्याने कनू टेम्पोतून मळ्यावर नेली आणि तिथूनच निघालो. काका पुढं बसलेले, मांडीवर पेटी, तोंड डाव्या काठाकडं. मी मागं वल्हं घेऊन. मला त्यांची पाठ आणि पांढरी टोपी दिसायची, कागद नाही. दारणेचं पाणी तिथं संथ. काठाने लव्हाळे, मधेच पंपाच्या खोल्या, त्यांचे काळे पाइप पाण्यात उतरलेले. खंड्या समोरच्या तारेवरून सुटायचा, सुळकन पाण्यात जाऊन परत तारेवर. काका त्याच्याकडं बघत, मग मान खाली, मग परत वर. डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं. जबड्याचे स्नायू दिसत होते मला मागून. सगळा जीव त्या एका मनगटात गोळा करून बसला होता माणूस.

एका वळणावर काठाशी एक बाई मेथीच्या जुड्या धुवत होती. तिने आम्हाला बघून पदर खोचला. "काय ओ आबा, मासं घावत्यात का?"

"नाय वहिनी, चितारतोय," काका म्हणाले. नाशिक रोडची शुद्ध मराठी पाण्यावर येताच गळून पडली होती.

"काय चितारता?"

"तुमचा बांध. तुमचं शेवग्याचं झाड."

"आन् बाई वल्हवती?" ती माझ्याकडं बघून हसली. "लय भारी! आमच्या मालकाला दावा जरा." आणि तिने मेथीची एक ओली जुडी होडीत फेकली, ती नेमकी काकांच्या टोपीवर. काकांनी ती बाजूला केली आणि रेघ न मोडता पुढं काढत राहिले.

छोटे बंधारे आले की उतरायचं, कनू उचलायची, पलीकडं नेऊन पाण्यात ठेवायची. टोमॅटो तोडणारी माणसं हातातलं काम टाकून धावत यायची. एकाने तर एकट्याने कनू डोक्यावर घेतली आणि मुंडावळ्या बांधल्यासारखा मिरवत गेला. रात्री काकांच्या ओळखीच्या मळ्यांवर मुक्काम. पेटी तेव्हा फडक्यात बांधलेली; नदी पुरी झाल्याशिवाय कुणाला दाखवायची नाही म्हणाले. तिथं पिठलं-भाकरी खायची, आणि निघताना काका हात वर करणार, खिसे उलटे करणार. घरची मंडळी बघतच राहायची.

दुसऱ्या दिवशी संगमाच्या पुढं पाणवेलीत अडकलो. इकडून तिकडं नुसती हिरवी गादी. वल्हं घातलं की वेलींत गुंतायचं. तास गेला, दोन तास गेले. मी चिडले, पाणवेलींना, महापालिकेला, स्वतःच्या हौसेला, सगळ्यांना बोलून घेतलं. न बोलायची अट तेव्हाच मोडली. काका मागं वळून शांतपणे म्हणाले, "मॅडम, पळती नदी काढायची म्हणजे माझ्या हाताची दमछाक होते. आत्ता ती थांबलीय. काढू द्या की." आणि त्यांनी त्या जांभळ्या फुलांतली एकेक पाकळी काढायला घेतली. खरं सांगते, मला त्या माणसाचा हेवा वाटला. सगळीकडून अडकलेला, हात साथ सोडतोय, आणि चेहऱ्यावर सुट्टी लागल्याचा आनंद. वरच्या धरणातून शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं तेव्हा वेली आपोआप सरकल्या आणि आम्ही निघालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी नदी रुंद होत गेली. अभयारण्याच्या हद्दीत होडी न्यायला परवानगी नाही. त्यामुळे हद्दीच्या पाटीअलीकडं थांबायचं काकांनी घरूनच ठरवलं होतं. नियम म्हणजे नियम. पाटीच्या डावीकडं एक वाळकी बाभूळ होती, तिच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले, खाली हळदीकुंकू बदकांचा थवा. एवढं काढलं की नदी पुरी. आणि तिथंच काकांचा हात बंद पडला. डाव्या हाताने धरूनही मनगट थडथडत होतं. पेन्सिल कागदावर टेकली की ठिपक्यांचा पाऊस. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग पेन्सिल खाली ठेवली.

"मॅडम, जरा पुढं या. मनगट धरा माझं."

मी कनू लव्हाळ्यात घुसवली, गुडघ्यांवर सरकत त्यांच्या मागं आले आणि मनगट दोन्ही हातांनी धरलं. तीन दिवसांत पहिल्यांदा मला कागद दिसला. हात हळूहळू सरकायला लागला. बाभूळ माझ्या डोळ्यांसमोर पाटीच्या डावीकडं. आणि मनगट जोर लावत होतं उजवीकडं. मला वाटलं मीच चुकीचं धरलंय. मी डावीकडं ओढलं, तो हात परत उजवीकडं.

जीभ आवरेल तर मी कसली! "काका, झाड डावीकडं आहे."

काका थांबले. झाडाकडं पाहिलं. कागदाकडं पाहिलं. मग त्यांनी लाटणं उलटं फिरवून कागद मागं घेतला. पाणवेली. संगम. शेवग्याचं झाड, मेथीवाली वहिनी, मळ्यातली पंपाची खोली. सगळं सुरेख, आणि सगळं उलटं. हात स्थिर ठेवण्यात अख्खं लक्ष गेलं होतं. "ताजनपुरे, सुलटं" म्हणायला कुणी शिल्लकच नव्हतं. आणि तीन दिवस मी त्यांच्या पाठीकडं बघत बसलेली!

"सगळंच?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. पुतण्या टेम्पो घेऊन आला, आम्ही कनू चढवली. वाटेत ते फक्त एकदा बोलले, "तुमची सुट्टी वाया घालवली मॅडम." त्या एका वाक्याने मला रडू फुटलं. ते "झाड डावीकडं आहे" मी गिळून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी पुढचे आठ दिवस स्वतःला विचारत होते. नदी उलटी काय, सुलटी काय, कुणाला कळलं असतं? पण काकांना कळलं असतं. त्यांना मळ्यातून निघालेली दारणा हवी होती, दुसरी कुठली नको होती. आणि परत काढायला हात नव्हता.

पेटी त्यांनी कॉटखाली सारली. चहाला येणं बंद झालं. मी खाली गेले तर पेपर वाचत बसायचे, पान न उलटता.

आठव्या की नवव्या दिवशी काकूंची हाक आली, थेट जिन्यातून, "मॅडम! खाली या! आत्ता!" मी पीठभरल्या हातांनीच पळाले. घरात काकू जमिनीवर बसलेल्या, समोर पेटी उघडी. त्यांना लाटणी हवी होती म्हणून त्यांनी कागद उलगडायला घेतला होता, आणि चित्र खराब होऊ नये म्हणून पालथा घातला होता. "हे मागं डाग कसले पडलेत बघा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तेल लागलं. पण ही आपली पंपाची खोली आहे ना? नि ही जांभूळ?"

मी वाकून पाहिलं. कागद लाटण्यावर घट्ट गुंडाळला गेला होता, आणि मऊ शिसाची रेघ वरच्या थराच्या पाठीवर उमटली होती. फिकी, धुरकट. पण सुलटी! जांभूळ डावीकडं, खोली उजवीकडं. जशी मळ्यासमोर आहे तशी.

काका पेपर टाकून उठले. कागदापाशी बसले. बराच वेळ त्या डागावरून बोट फिरवत राहिले, न टेकवता. मग त्यांच्या तोंडून जे आलं ते मी विसरणार नाही. "अगं, ही चूक नाही. हा पत्रा आहे! अजून छापायचा राहिलाय."

त्यानंतरची दुपार म्हणजे छापखानाच. सोसायटीच्या हॉलमध्ये मी, काकू आणि हुकूम सोडणारे काका. नवा कागद ओला करायचा, चित्रावर पालथा घालायचा आणि वरून दाब द्यायचा. पहिला तुकडा जास्त भिजला आणि सगळं काळं फासलं गेलं. काकूंनी कागद चिमटीत धरून पाहिला. "अहो, कणीक सैल झाली की पोळी चिकटते. पाणी मारायचं नाही, नुसता ओला हात फिरवायचा." दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः भिजवला. आणि लाटणंही त्यांनीच चालवलं, कारण काकांचा हात ते धरू शकत नव्हता. काका गुडघ्यांवर बसून, "दाब... मधे... आता कडेला हलकं," आणि काकू, "चाळीस वर्षं लाटतेय, मला नका शिकवू." कागद उचलला तर खाली दारणा. फिकी होती, पण आपल्या अंगाने वाहणारी. शेवगा, मेथीवाली वहिनी, पाणवेलींची फुलं, सगळं जागच्या जागी. वीतवीतभर करत वीस-बावीस फूट नदी छापली. काकूंचे दंड भरून आले, पण थांबायचं नाव नाही. चौतीस वर्षं नवरा काय करत होता ते बाई पहिल्यांदा बघत होत्या.

शेवटी पाटीशी चार ठिपक्यांपलीकडं कागद कोराच होता. बाभूळ काढलेलीच नव्हती. काकांनी पेन्सिल मागितली. मी मनगट धरायला पुढं झाले तर म्हणाले, "नको." छापलेल्या नदीच्या टोकाला, पाटीच्या डावीकडं, त्यांनी एकट्याने ती बाभूळ काढली. मोठ्याने म्हणत, "ताजनपुरे, सुलटं. ताजनपुरे, सुलटं." फांद्या थरथरल्या. पाणकावळे थरथरले. बाकी साऱ्या नदीवर वारा नाही, फक्त त्या झाडावर आहे.

काका गेले त्याला येत्या पावसाळ्यात दोन वर्षं होतील. त्यांची कनू अजून पार्किंगमध्ये आहे. ती हलवा असं म्हणायची सेक्रेटरींची छाती नाही. नदी काकूंच्या हॉलमध्ये तीन भिंती फिरून लावली आहे. पण मला काका आठवतात ते त्या छपाईच्या दुसऱ्या दिवशीचे. मी शाळेतून येत होते. काका सोसायटीच्या फाटकाकडं निघाले होते, मळ्यावर, भावाला आणि वहिनीला दाखवायला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली नदीची लांब गुंडाळी बगलेत. फाटकाशी वॉचमन उभा होता. खाकी कपडे दिसले आणि काकांचे पाय थांबले. हात आपोआप वर निघाले, गुंडाळी बगलेतून सटकायला लागली, तसे त्यांनी हात झटक्यात खाली आणले आणि ती छातीशी घट्ट धरली. वर्तमानपत्राचं टोक त्यांच्या हाताबरोबर फडफडत होतं.

"माझं आहे," ते वॉचमनला म्हणाले. "घेऊन चाललोय."

"न्या की काका," तो म्हणाला आणि त्याने फाटक उघडलं.